‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या घरांचा दिग्दर्शक

साठी उलटलेली एक बाई उन्हात खेड्यातल्या वाटेने चालली आहे. डोक्यावर हॅट, अंगात फुलाफुलांचे कपडे. गावात जायला इतकं नटायची काही गरज नव्हती, पण तिला नटायला आवडतं. वाटेत झाडाखाली पिकलेले जर्दाळू पडलेत. ती एक उचलते, चावते, थांबते, वहीत काहीतरी टिपून ठेवते. पुढे शेतात एक बाई काम करताना दिसते. दोघी बोलू लागतात. यंदा हवा बरी आहे, पीक चांगलं दिसतंय, खाली पडलेल्या जर्दाळूची गोडी काही वेगळीच. हसून निरोप घेतला जातो. म्हातारी वळते, काही पावलं टाकते, आणि तिचा चेहरा उतरतो. आपण इथे कशाला आलो होतो ते तिला आता आठवलेलं असतं.

ती आली होती त्या शेतकरीण बाईच्या मुलीबद्दल बोलायला. त्या शाळकरी मुलीवर वर्गातल्या सहा मुलांनी महिनोन्महिने बलात्कार केला आणि तिने पुलावरून नदीत उडी घेतली. सहातला एक या म्हातारीचा नातू. बाकी पाच मुलांच्या बापांनी हॉटेलात बसून ठरवलं, की सहाही घरांनी प्रत्येकी पन्नास लाख वोन काढायचे (तेव्हाच्या दराने साधारण दोन लाख रुपये), तीन कोटी मुलीच्या आईला द्यायचे आणि विषय संपवायचा. आई ऐकत नव्हती, म्हणून म्हातारीला पाठवलं. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही बोललात तर ती ऐकेल. म्हातारीला विसरण्याचा आजार नुकताच लागलाय. ती बोलली खरी, पण जर्दाळूवर.

‘पोएट्री’ या २०१० च्या चित्रपटातला हा प्रसंग. दिग्दर्शक ली चांग-डाँग. यात कोणी रडत नाही, संगीत वाजत नाही, तरी बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

आपल्याकडे अशा वेळी जो शब्द वापरतात तो मला हा चित्रपट पाहताना सारखा आठवत राहिला: मिटवणं. ‘प्रकरण मिटवून टाकू.’ तडजोड करणं म्हणजेही मिटवणं, आणि बघायचं नसलं की डोळेही मिटतोच आपण. लींचे २०१८ पर्यंतचे सहाच्या सहा चित्रपट या एका क्रियापदाभोवती फिरतात असं मला वाटतं. गुन्हा होऊन गेलेला असतो. ज्याचं नुकसान झालं तो मेलेला असतो, नाहीतर बोलू शकत नाही. उरलेले लोक हिशेब बंद करायच्या मागे लागलेले असतात. आणि ली कॅमेरा घेऊन त्या उरलेल्यांच्या घरात बसतात, पुष्कळदा गुन्हेगाराच्याच घरात.

‘पॅरासाइट’ किंवा ‘ओल्डबॉय’ पाहून जे कोरियन सिनेमाच्या वाटेला लागले त्यांना लींचं नाव जरा उशिरा भेटतं. त्यांच्याकडे पटकन पकड घेणारा साचा नाही. खून, सूड, थरार यांचा कच्चा माल असतो, पण त्याची जत्रा भरवली जात नाही. आता नावाबद्दल थोडं. कोरियन माणूस आडनाव आधी लावतो, म्हणजे ‘ली’ हे आडनाव, आणि कोरियात त्याचा उच्चार होतो नुसता ‘ई’. जगभर ‘ली’ रुळलंय, म्हणून इथेही तेच.

त्यांचा जन्म १९५४ चा, दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागातल्या डेगू शहरातला. कोरियन साहित्यात पदवी, तरुणपणी नाटकं, मग शाळेत भाषेचे मास्तर. १९८३ पासून कथा-कादंबऱ्या छापून येऊ लागल्या आणि लेखक म्हणून नाव झालं. सिनेमात ते शिरले चाळिशीच्या उंबरठ्यावर, पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकाकडे पटकथालेखक आणि साहाय्यक म्हणून. पहिला स्वतःचा चित्रपट ‘ग्रीन फिश’ आला १९९७ मध्ये. इतरांची सुरुवात होऊन दोन-चार चित्रपट झालेले असतात त्या वयात या गृहस्थांनी पाटी-पेन्सिल हातात घेतली. कदाचित म्हणूनच त्यांच्या कामात उमेदवारीचा काळ दिसतच नाही. माणसांची पारख आधीच झालेली होती, कॅमेरा तेवढा नवा होता.

‘ग्रीन फिश’चा नायक माकडाँग. नावाचा अर्थ जवळजवळ ‘शेंडेफळ’. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून घरी येतो तर गावच जागेवर नाही. सोलजवळच्या इल्सानमध्ये शेतं जाऊन उंच इमारतींचं नवं शहर उभं राहिलंय, भावंडं पोटासाठी पांगली आहेत. सगळ्यांनी एकत्र राहून छोटं हॉटेल काढावं एवढंच त्याचं स्वप्न. त्यासाठी तो एका गुंडाच्या टोळीत शिरतो. खून करून आल्यावर तो टेलिफोन बूथमधून घरी फोन लावतो आणि भावाला विचारत राहतो, आपण लहानपणी पुलाखाली हिरवा मासा पकडायला गेलो होतो ते आठवतं का रे? फोन ठेवू नकोस, ठेवू नकोस. चित्रपट म्हणून तो थोडा नेहमीच्या गुंडपटांच्या वळणाचा आहे, पण हा फोन तसा नाही.

खरा स्फोट दुसऱ्या चित्रपटाने केला.

‘पेपरमिंट कॅन्डी’ समजायला कोरियाचा थोडा इतिहास हाताशी लागतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये लष्करशहा पार्क चंग-ही यांचा त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने खून केला. लोकशाही येईल म्हणून लोक आशेवर होते, तर त्या डिसेंबरात चन डू-ह्वान या दुसऱ्या सेनाधिकाऱ्याने बंड करून सैन्य ताब्यात घेतलं आणि पुढच्या मे महिन्यात देशभर लष्करी कायदा लागू केला. नैर्ऋत्येच्या ग्वांगजू शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मग सगळं शहरच उतरलं. १८ ते २७ मे १९८० या दहा दिवसांत सैन्याने ते चिरडलं. मृतांचा सरकारी आकडा दोनशेच्या आतला, लोक सांगतात तो त्याहून कितीतरी मोठा. पुढे अनेक वर्षं या घटनेबद्दल उघडपणे बोलण्याचीही सोय नव्हती.

यावर चित्रपट काढायचा तर कोणीही मारल्या गेलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगेल. लींनी सांगितली गोळी झाडणाऱ्या शिपायाची, तीही उलटी.

चित्रपट सुरू होतो १९९९ च्या वसंतात. नदीकाठी जुन्या कारखान्यातल्या मित्रमैत्रिणींचं वीस वर्षांनी संमेलन भरलंय. चुरगळलेल्या सुटातला योंग-हो तिथे येऊन धुमाकूळ घालतो आणि शेवटी रेल्वेच्या पुलावर चढतो. समोरून गाडी येतेय. तो हात पसरून ओरडतो: ‘मला परत जायचंय!’ आणि चित्रपट खरोखरच परत जाऊ लागतो. तीन दिवसांपूर्वी, मग १९९४, १९८७, १९८४, १९८०, आणि अखेर १९७९. एकूण सात तुकडे. दोन तुकड्यांच्या मध्ये रुळांवरून धावणाऱ्या गाडीचं दृश्य येतं. बघताना वाटतं गाडी पुढे चालली आहे. मग ध्यानात येतं की बाजूच्या रस्त्यावर मोटारी मागे मागे जाताहेत आणि गळून पडलेल्या पाकळ्या उडून फांदीला चिकटताहेत. गाडीच्या शेपटाकडून चित्रण करून ते उलटं फिरवलंय. खर्च काहीच नाही, पण सगळ्या चित्रपटाचा आशय त्या युक्तीत आहे. काळ मागे गेला तरी रूळ तेच राहतात.

उलटं सांगण्याने एक गोष्ट साधते. आपण आधी माणसाचा उकिरडा झालेला पाहतो आणि मग एकेक थर खाली उतरत जातो. १९९९ मध्ये तो दिवाळखोर आहे, कारण शेअर बाजार आणि ९७ च्या आर्थिक संकटाने त्याला धुऊन नेलं. १९९४ मध्ये पैसेवाला दुकानदार आणि घरात बायकोला मारणारा नवरा. १९८७ मध्ये पोलिस, संशयितांना पाण्यात बुडवून कबुलीजबाब काढणारा. हे वर्ष उगाच निवडलेलं नाही. त्या जानेवारीत पार्क जोंग-चल हा विद्यार्थी पोलिसांच्या जलछळात मेला होता, आणि पोलिसांनी खुलासा केला होता की टेबलावर हात आपटला तर तो दचकून गेला! त्या खोटेपणाने पेटलेल्या जूनमधल्या आंदोलनापुढे लष्करी सत्तेला नमावं लागलं. योंग-हो मात्र आंदोलनात नाही, तो त्या हौदाजवळ बाह्या सरसावून उभा आहे.

१९८४ मध्ये तो नवशिका पोलिस. पहिल्यांदाच एकाला बडवतो आणि त्या माणसाची घाण त्याच्या हाताला लागते. हात धुऊन वास जात नाही. त्याच दिवशी त्याचं पहिलं प्रेम, सन-इम, दुरून त्याला भेटायला येते आणि त्याचे हात पाहून म्हणते, तुझे हात चांगल्या माणसाचे आहेत. तो त्याच हाताने तिच्यादेखत खानावळीत वाढणाऱ्या मुलीची छेड काढतो. ती निघून जाते. क्रौर्य नाही हे, आत्महत्याच आहे एका प्रकारची, पण आपल्याला त्या क्षणी ते कळत नाही. कळतं १९८० मध्ये. सन-इम गोळ्यांच्या कारखान्यात पेपरमिंट कागदात गुंडाळायचं काम करायची आणि प्रत्येक पत्रासोबत एक गोळी पाठवायची. शिपाई झालेल्या योंग-होने त्या जपून ठेवल्या होत्या. मे महिन्यात रात्री एकदम कूच करायचा हुकूम येतो, गोळ्या जमिनीवर सांडतात आणि बुटांखाली चिरडल्या जातात. पुढे ग्वांगजूच्या अंधारात, पायात गोळी लागलेला हा पोरगा, घरी जायची वाट शोधणाऱ्या एका मुलीला घाबरवून पळवायला म्हणून बंदूक चालवतो. ती मरते. तिचं नाव आपल्याला कळत नाही. पुढची वीस वर्षं त्याच्या आयुष्यातल्या नेमक्या घडींना त्याचा तो पाय लंगडतो, एवढीच तिची आठवण.

हा चित्रपट १९९९ च्या बुसान महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट होता आणि १ जानेवारी २००० ला प्रदर्शित झाला. नवं सहस्रक म्हणून जग पुढे बघत होतं तेव्हा कोरियाला मागे बघायला लावण्याचा हा मुहूर्त मला फार आवडतो. योंग-होचं काम करणारा सोल ग्यंग-गू एका फटक्यात पहिल्या रांगेतला नट झाला.

२००२ चा ‘ओएसिस’ मला अजून पुरता पचलेला नाही. तुरुंगातून सुटलेला, जरा विक्षिप्त जोंग-डू, आणि सेरेब्रल पाल्सी असलेली गोंग-जू. ज्या अपघातासाठी तो आत गेला त्यात तिचे वडील मेले होते. खरं तर गाडी त्याचा मोठा भाऊ चालवत होता. घरात आधीच एक वाया गेलेला आहे तर त्यानेच जावं, असं कुटुंबाने मिटवलं. तिकडे गोंग-जूच्या भावाने अपंगांसाठीचं नवं घर तिच्या नावावर मिळवलं आणि तिला जुन्या खोलीत ठेवून स्वतः तिथे राहायला गेला. ही दोन सभ्य घरं एका बाजूला आणि दोन टाकलेली माणसं दुसऱ्या बाजूला. भिंतीवर ओएसिसचं, म्हणजे वाळवंटातल्या हिरवळीचं, चित्र असलेला एक स्वस्तातला पडदा आहे. त्यावर रात्री बाहेरच्या फांदीची सावली हलते आणि गोंग-जूला भीती वाटते. एका दृश्यात त्या पडद्यातली भारतीय पेहरावातली बाई, पोरगा आणि हत्तीचं पिल्लू खरोखर खोलीत उतरतात आणि नाचू लागतात. सोलच्या गळक्या चाळीत हत्ती! इतकं निर्लज्जपणे गोड दृश्य लींनी पुन्हा कधी घेतलं नाही.

गोंग-जू झालेल्या मून सो-रीचा अभिनय थक्क करणारा आहे, व्हेनिसच्या महोत्सवात तिला आणि दिग्दर्शक म्हणून लींना पारितोषिकं मिळाली. पण या प्रेमकथेची सुरुवात जोंग-डूने तिच्यावर केलेल्या जबरदस्तीच्या प्रयत्नातून होते, आणि नंतर तीच त्याला फोन करते. एकटेपणा इतका आहे की तिला तोही चालतो, असं समर्थन करता येईल. मला ते पटत नाही. चित्रपटाने तो प्रसंग मागे टाकायची घाई केली असं वाटतं. म्हणजे ज्या मिटवण्यावर लींचा रोष, त्याचाच थोडा वाटा इथे त्यांच्या पदरात पडतो.

यानंतर मध्येच एक वेगळं प्रकरण. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यन यांनी लींना थेट संस्कृती आणि पर्यटन मंत्री केलं. वर्षभराहून थोडं अधिक, २००४ च्या मध्यापर्यंत, ते या पदावर होते. तेव्हाचा मोठा वाद होता पडद्याच्या कोट्याचा. कोरियात प्रत्येक चित्रपटगृहाला वर्षाला १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणं सक्तीचं होतं आणि अमेरिकेला ते नको होतं. पुढे २००६ मध्ये, ली मंत्रिपदावरून उतरल्यावर, तो निम्म्यावर, ७३ दिवसांवर आला. मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळावा म्हणून आपल्याकडे होणारे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना यातलं राजकारण वेगळं समजवायला नको.

मंत्रिपदानंतरचा पहिला चित्रपट ‘सीक्रेट सनशाइन’, २००७ चा. मिर्यांग हे खऱ्या गावाचं नाव, आणि त्याच्या चिनी अक्षरांचा अर्थ होतो ‘गुप्त ऊन’. नवरा गेलेली शिन-ए लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या या गावी राहायला येते, पियानोच्या शिकवण्या सुरू करते. लोकांनी बिचारी म्हणू नये म्हणून आपण जमीन घ्यायच्या विचारात आहोत असा तोरा मिरवते. बाईकडे पैसा आहे असं एकाला वाटतं, तो मुलाला पळवतो आणि मारतो. तिच्या खात्यात जवळजवळ काहीच नसतं.

दुःखाने वेडी झालेली शिन-ए प्रार्थनासभांना जाऊ लागते. हळूहळू शांत होते. मग तिच्या मनात येतं की तुरुंगात जाऊन त्या माणसाला क्षमा करावी. फुलं घेऊन जाते. काचेपलीकडे तो बसलाय, चेहऱ्यावर प्रसन्न तेज. तो सांगतो, मीही इथे देवाला शरण गेलो, देवाने मला माफ केलंय, आता मी शांत आहे, तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो. बाहेर येऊन ती कोसळते. ज्याला क्षमा करायचा हक्क फक्त आपला, त्याला आपल्याआधी दुसऱ्याच कोणी कशी केली?

याचं मूळ यी चोंग-जुन यांच्या १९८५ च्या एका कथेत आहे. लींनी ती वाचली १९८८ च्या सुमारास, जेव्हा ग्वांगजूबद्दल संसदेत सुनावण्या चालू होत्या, आणि त्यांना ती ग्वांगजूचीच कथा वाटली. ही नोंद माहीत असली की चित्रपटाचा आकार बदलतो. चन डू-ह्वानला १९९६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये राष्ट्रीय ऐक्याच्या नावाखाली माफीही मिळाली. २०२१ मध्ये तो नव्वदीत मेला, ग्वांगजूची माफी न मागता. काचेपलीकडचं ते प्रसन्न तेज एका खुन्याचंच होतं असं नाही.

शिन-ए झालेल्या जॉन डो-यॉनला फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, तिथे हा मान मिळवणारी ती पहिली कोरियन अभिनेत्री. पण गावातल्या गॅरेजवाल्याचं काम करणाऱ्या साँग कांग-होकडेही लक्ष द्या. तो गॅरेजवाला चित्रपटभर तिच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून फिरतो, काहीच मोठं करत नाही, नकोसाही वाटतो. शेवटी ती अंगणात बसून स्वतःचे केस कापते, तो आरसा धरतो. मग कॅमेरा दोघांना सोडून चिखलाच्या कोपऱ्यात पडलेल्या उन्हाच्या तुकड्यावर जातो. गावाच्या नावातलं ऊन.

‘पोएट्री’नंतर लींनी आठ वर्षं काहीच काढलं नाही, म्हणून इथे क्रम मोडून ‘बर्निंग’ आधी उरकतो. २०१८ चा हा चित्रपट जपानी लेखक हारुकी मुराकामींच्या ‘बार्न बर्निंग’ या छोट्या कथेवरून आला, आणि मागे अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची त्याच नावाची जुनी कथाही उभी आहे. लेखक व्हायचंय पण कामधंदा नसलेला जोंग-सू, त्याच्या गावची हे-मी, आणि पोर्शे घेऊन फिरणारा, काय काम करतो ते कधीच न सांगणारा बेन. हे-मी मूकाभिनय शिकतेय. हवेतलं संत्रं सोलून खाताना ती सांगते, संत्रं आहे असं मानायचं नसतं, संत्रं नाही हे विसरायचं असतं. पुढे बेन सहज सांगतो की त्याला दर दोन महिन्यांनी शेतातलं एखादं ओसाड पॉलीहाउस जाळायचा छंद आहे. त्यानंतर हे-मी नाहीशी होते.

तिची मांजर कधी दिसत नाही. ती लहानपणी पडली होती म्हणते ती विहीर होती की नव्हती यावर गावात एकमत नाही. बेनच्या न्हाणीघरातल्या खणात तिच्यासारखं घड्याळ सापडतं, पण तशी घड्याळं बाजारात भरपूर. पुरावा एकही नाही, संशय मात्र पेटत जातो. टीव्हीवर तरुणांच्या बेकारीच्या बातम्या, जोंग-सूच्या पाजू गावातल्या घराजवळ सीमेपलीकडून उत्तर कोरियाचे भोंगे. जोंग-सू म्हणतो कोरियात गॅट्सबी (एका अमेरिकन कादंबरीतला, पैसा कुठून आला ते न कळणारा श्रीमंत) फार झालेत. लींच्या आधीच्या चित्रपटांत गुन्हेगार कोण हे माहीत असतं आणि प्रश्न असतो पुढे काय. इथे तेवढंही हाती लागत नाही. चिडायचं कोणावर हेच ठाऊक नसलेल्या पिढीचा हा राग आहे. कान महोत्सवात चित्रपट-व्यवसायाच्या एका नियतकालिकाच्या समीक्षकांच्या गुणतक्त्यात त्याला ४ पैकी ३.८ असे विक्रमी गुण मिळाले आणि मुख्य ज्युरीने त्याला काहीही दिलं नाही.

आता पुन्हा त्या हॅटवाल्या म्हातारीकडे. (शेवट सांगणार आहे. बघायचा असेल तर इथे थांबा.)

तिचं नाव मिजा. भूमिका केली युन जंग-ही यांनी, साठ-सत्तरच्या दशकांतल्या कोरियाच्या मोठ्या तारका. दीड दशकाच्या निवृत्तीतून त्या या एका कामासाठी परतल्या. त्यांचं खरं नावही मिजाच. पुढे त्यांना स्वतःलाच अल्झायमर झाल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसला त्या गेल्या. चित्रपटात डॉक्टर मिजाला सांगतात की आधी नामं विसरतील, मग क्रियापदं.

याच दिवसांत मिजाने कवितेच्या वर्गात नाव घातलंय. शिकवणारे कवी सफरचंद हातात घेऊन विचारतात, तुम्ही हे किती वेळा पाहिलंत? हजार वेळा? एकदाही नाही. पाहणं म्हणजे त्याच्याशी बोलणं, त्याची सावली न्याहाळणं, एक घास घेणं. ही भूमिका केलीय किम योंग-तेक या खऱ्याखुऱ्या कवीने. मिजा मनापासून ऐकते. झाडं पाहते, पक्षी ऐकते, जर्दाळू टिपून ठेवते. आणि तिच्या ध्यानात येतं की नीट पाहायचं ठरवलं तर त्या मुलीकडेही पाहावं लागेल. ती चर्चमध्ये मुलीच्या स्मरणप्रार्थनेला जाते, तिथला तिचा फोटो गुपचूप उचलते आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठेवते. नातू जेवायला येतो, फोटो पाहतो, घटकाभर थांबतो आणि टीव्ही लावतो.

पैशांची तडजोड ही त्या बापांची मनमानी नव्हती. कोरियात २०१३ पर्यंत अनेक लैंगिक गुन्ह्यांत पीडितेच्या बाजूची तक्रार असल्याशिवाय खटलाच उभा राहत नसे. म्हणजे समेटाची रक्कम देऊन तक्रार थांबवणं ही कायद्यानेच ठेवलेली फट होती. बाप मंडळी राक्षस नाहीत. आग्रहाने बिअर ओतणारी, मुलांच्या भवितव्याची काळजी करणारी मध्यमवर्गीय माणसं आहेत, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटतात तशी.

मिजा तिच्या वाट्याचे पन्नास लाख भरते. ते कसे मिळवले तो भाग मी इथे लिहीत नाही, बघायलाही सोपा नाही. पैसे पोचतात, कागद होतात, बाप लोक मोकळा श्वास घेतात. मग एका संध्याकाळी ती नातवाला पिझ्झा खायला घालते, आंघोळ करायला लावते, त्याची नखं कापून देते. अंगणात दोघं बॅडमिंटन खेळतात. एक गाडी येऊन थांबते. त्यातून उतरलेला माणूस तिच्या कवितेच्या मंडळातला, चावट विनोद सांगणारा पोलिस. तो मुलाच्या हातातली रॅकेट घेतो, मुलगा गाडीत बसतो, आणि शटल पुन्हा इकडून तिकडे जाऊ लागतं. तक्रार कोणी केली ते चित्रपट सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मिजा नाही. तिची फुलं आणि कविता मात्र आली आहे, सगळ्या वर्गात फक्त तिनेच लिहिलेली. ती ऐकू येऊ लागते आधी मिजाच्या आवाजात, मग मध्यावर आवाज बदलतो आणि त्या मुलीचा होतो. पडद्यावर पूल, पुलावर पाठमोरी मुलगी, खाली नदी. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात आपण हिला पाण्यावर पालथी वाहत येताना पाहिलेलं असतं, चेहरा न दिसता. आता ती मान वळवते आणि सरळ आपल्याकडे बघते.